मोमो, चटणी आणि सत्तर टक्के ओल

विनायकराव निमकरांनी ओल या गोष्टीशी जेवढं वैर धरलं, तेवढं माणसं सख्ख्या भावाशी बांधावरून सुद्धा धरत नाहीत. केंद्र सरकारच्या धान्य साठवणुकीच्या खात्यात ते मोठे अधिकारी. पंजाबपासून तेलंगणापर्यंत कुठल्याही गोदामात शिरायचं, पोत्यात हात खुपसायचा, मूठभर गहू नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून म्हणायचं, "नमी चौदह के ऊपर है. रिजेक्ट." मागून मीटरवाला घाम पुसत आकडा सांगायचा आणि तो चौदाच्या वरच असायचा. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'सूखा साहब' म्हणत. विनायकरावांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

अशा माणसावर स्वतःच्या हॉलमध्ये ओल तयार करायची पाळी यावी, आणि तीही पालींसाठी!

पाली हा शब्द अर्थात घरात बंद होता. "बाबा, यार, पाल नाही! फॉरेस्ट गेको," मैत्रेयी दर वेळी सांगायची. मैत्रेयी ही त्यांची एकुलती एक मुलगी, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. 'पागोळी' म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं, पण दूरच्या कुठल्या बेटावर झाडावरच्या पाली काय खातात हे पाठ होतं. तिनं दोन आणल्या होत्या. सरकारी पोर्टलवर रीतसर नोंदणी केलेल्या, म्हणजे निमकर राहत त्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी कॉलनीतल्या कित्येक भाडेकरूंपेक्षा त्यांचे कागद पक्के. वीतभर लांब, विटकरी-सोनेरी रंग, डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर आणि डोक्यापासून पाठीपर्यंत काट्यांची ओळ. एकीचं नाव मोमो, दुसरीचं चटणी. उभ्या, कपाटाएवढ्या काचेच्या पेटीत दिवसभर पानामागे झोपायच्या आणि दिवे मालवले की उठायच्या.

मैत्रेयीला ट्रेनिंगसाठी तीन आठवडे डेहराडूनला जायचं होतं. ती म्हणाली, "यांना चिरागकडे ठेवते."

चिराग हा मैत्रेयीचा फ्रेंड होता. हा शब्द ती इतक्या सहज उच्चारायची की ती सहजताच विनायकरावांना संशयास्पद वाटे. तो गुरुग्रामला राहायचा, लॅपटॉपवर काहीतरी करायचा, आणि ते 'काहीतरी' त्यानं दोनदा समजावूनही निमकरांच्या घरात कुणाला कळलेलं नव्हतं. त्याच्याकडेही चार गेको होते. पेटी उचलायला तो आला तेव्हा सोफ्यावर बसून म्हणाला, "अंकल, आप टेन्शन मत लो. मेरे यहाँ ह्युमिडिटी फोन से सेट होती है." मग चहाचा घोट घेऊन अगदी निष्पापपणे पुढे म्हणाला, "वैसे भी आपका काम तो सुखाने का है ना?"

झालं. विनायकरावांनी कप बशीत ठेवला. आवाज जरा मोठाच झाला.

"ठेव इथेच," ते मैत्रेयीला म्हणाले. "ज्याला ओल घालवता येते, त्याला ती आणताही येते. एकाच विद्येच्या दोन बाजू."

"अहो," त्यांच्या पत्नी वैजयंती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मनी प्लांट गेलाय तुमच्या हातचा. मनी प्लांट."

"तो शहीद झाला. त्याचा इथे संबंध नाही."

मैत्रेयी बापाकडे वळली. "ओके. पण ऐक हं बाबा. हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ह्युमिडिटी पाहिजे. खाली जे पसरशील ते ओलं पाहिजे, चिखल नको. धूर नको. घाबरवायचं नाही, घाबरले की शेपूट टाकतात, आणि यांची शेपूट परत येत नाही. आणि दोघांची कात पडायची आहे. हवा ड्राय असली तर कात बोटांना चिकटून राहते आणि बोट गळून पडतं. दसऱ्याला मी येईन. एक जरी बोट चिकटलेलं दिसलं ना, तर दोघंही चिरागकडे. कायमचे."

"आणि तू त्यांना भेटायला?"

"मग मलाही तिकडेच जावं लागेल ना. रोज."

चिरागनं सोफ्यावर जरा सैल होऊन बसत दुसरं बिस्किट उचललं. विनायकरावांना त्या क्षणी कळलं की पणाला पाली लागलेल्याच नाहीत.

*

ऑक्टोबरातली दिल्ली ही सत्तर टक्क्यांची जागा नव्हे. पाऊस गेलेला, थंडी न आलेली, ओठ फुटतात, पापड न वाळवता वाळतात. ऑफिसातून आणलेलं मीटर विनायकरावांनी पेटीत ठेवलं तेव्हा त्यानं अठ्ठावीस दाखवले. एरवी गोदामाच्या हवेत अठ्ठावीस आकडा पाहून ते गोदामवाल्याला चहा पाजत. आता त्यांनी मीटर झटकून पुन्हा ठेवलं.

मैत्रेयीनं पेटीत पसरलेलं जुनं अस्तर, तिच्या भाषेत 'सबस्ट्रेट', खराब झालं होतं आणि नवं घालायचं होतं. नारळाचा काथ्या घाल, असं ती सांगून गेली होती. करोल बागेत सगळं मिळतं या दिल्लीकर श्रद्धेनं विनायकराव मेट्रोनं करोल बागेत गेले आणि चार ठिकाणी विचारून शेवटी गाड्यांच्या सामानाच्या दुकानात पोचले. कारण काथ्या म्हटल्यावर प्रत्येक जण तिकडेच बोट दाखवत होता.

"नारियल का जटा? मिलेगा साहब. सीट में भरना है? गाडी कौनसी है?"

"गाडी नहीं. छिपकली है."

दुकानदारानं आत हाक मारली, "अरे, छिपकली का सीट का माल है क्या? नया मॉडल आया है!" मग विनायकरावांकडे वळून आदबीनं, "आगे की सीट या पीछे की, सर?"

तो काथ्या त्यांनी आणला. त्याला रबराचं पाणी दिलेलं होतं. पेटीत टाकल्यावर हॉलला नव्या टॅक्सीचा वास सुटला आणि मोमो काचेच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन उलटी लटकली, ती खाली यायलाच तयार होईना. तो काथ्या गेला. निमकरांच्या डायनिंग टेबलाच्या एका खुर्चीची गादी मात्र तेव्हापासून फार आरामशीर झाली आहे.

आता लक्ष्मीबाई नगर ही काही साधी कॉलनी नाही. इथे प्रत्येक मजल्यावर एकेक राज्य राहतं. एका घरात खोकला आला तर तीन भाषांत काढे येतात. बातमी पसरली आणि त्याच संध्याकाळी सल्ले जिन्यानं वर चढू लागले. खालच्या मजल्यावरचे कुरूप साहेब केरळचे. ते म्हणाले, करोल बागेत नारळ शोधणं म्हणजे कोचीत लस्सी शोधणं. त्यांच्याकडे गावचा खरा काथ्याचा भुसा होता. समोरच्या भादुरीबाई म्हणाल्या, "नहीं नहीं, मॉस! हमारे ऑर्किड का दार्जिलिंग वाला मॉस." मागच्या ब्लॉकातले बिकानेरचे राठोड साहेब सायकलवरून उतरून खास सांगायला आले, "छिपकली को रेत चाहिए. रेत में पैदा होती है, रेत में मरती है. बोरी भिजवा दूँ? फ्री."

कुणाला नाही म्हणायचं आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न आला. विनायकराव सरकारी माणूस. निर्णय घेण्याची एकच रीत त्यांना येत होती, सगळ्यात कमी दराची निविदा मंजूर. भुशाच्या बदल्यात कुरूप साहेबांना मुलाच्या मराठी मित्राच्या लग्नपत्रिकेचं भाषांतर हवं होतं. भादुरीबाईंना ऑर्किडना पाणी घालायला महिनाभर माणूस हवा होता. राठोडांची वाळू फुकट. नियमानं वाळू.

वाळूनं मीटर एकवीसवर आणलं. चटणीनं वाळू चाटली आणि तोंड असं केलं की तसं विनायकरावांनी फक्त ऑडिट पार्टीच्या प्रमुखाचं पाहिलं होतं. मग नियम शिथिल करून भुसा आला. तो सकाळी ओला, दुपारी कोरडा. मग वर मॉस, म्हणजे भादुरीबाईंचं शेवाळ, आला. तीन दिवसांत त्यावर नाजूक पांढरी बुरशी धरली. भादुरीबाई येऊन बघून म्हणाल्या, "कितना सुंदर! हमारे यहाँ तो कभी नहीं आया."

"अहो, फोन करू का चिरागला?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"भुकेनं मेलो तरी चालेल."

"भुकेचा काय संबंध?"

संबंध नव्हता. पण मानी माणसाला प्रत्येक वेळी संबंध दाखवता येतोच असं नाही.

*

तोड सापडली ती घरातच. हॉलच्या उत्तरेकडच्या भिंतीला चार वर्षांपासून ओल होती. वरच्या मजल्यावरच्या मोरीतून झिरपत ती खाली येई आणि भिंतीवर तिनं हळूहळू भारताचा नकाशा काढत आणला होता. काश्मीर पूर्ण, ईशान्य भाग राहिलेला. विनायकरावांनी देखभाल खात्याकडे इतक्या तक्रारी केल्या होत्या की त्यांना ते नंबर तोंडपाठ होते. कुणी फिरकलं नव्हतं. आता सहज म्हणून त्यांनी मीटर त्या भिंतीशी धरलं, तर अठ्ठावन्न!

पेटी भिंतीला चिकटवण्यात आली. विनायकराव ऑफिसला निघताना भिंतीवर मध्य प्रदेशाच्या जरा खाली हळूच थोपटून गेले. वैजयंतीबाईंनी ते पाहिलं आणि डबा हातात दिला.

आणि त्याच सुमारास सोलापूरहून विनायकरावांच्या आई, प्रमोदिनीबाई, नवरात्रासाठी दिल्लीला आल्या. वय पंचाहत्तर, पाठ ताठ, आणि भीती फक्त एका गोष्टीची. वाघ दारात आला असता तर त्यांनी त्याला पायपुसण्यावर बस म्हटलं असतं, पण पाल दिसली की संपलं. सोलापूरच्या घरी एकदा स्वयंपाकघरात पाल शिरली म्हणून त्यांनी दोन दिवस दाराला कडी घालून अंगणात चूल मांडली होती. म्हणून नवरा-बायकोचं ठरलं, आईला काही सांगायचं नाही. पेटी म्हणजे मैत्रेयीच्या कॉलेजची 'काचेतली बाग'. दिवसा पाली पानामागे निजलेल्या असतात, रात्री आई निजलेली असते.

प्रमोदिनीबाईंनी बॅगेतून पहिली गोष्ट काढली ती श्रीखंडाचा मोठा डबा. विनायकरावांनी आशेनं झाकण उघडलं. आत काळी माती होती.

"घटाची आहे," आई म्हणाल्या. "तुमच्या दिल्लीच्या मातीत काय उगवणार? नुसती धूळ. मागच्या वर्षी गव्हाला आले अंकुर तीन. तीन! देवीला तोंड दाखवायला जागा उरली नाही मला."

आता पुढे जे झालं त्याला चोरी म्हणायचं का, यावर निमकरांच्या घरात अजून एकमत नाही. दुपारी घर निजलेलं असताना विनायकरावांनी ती माती फक्त हातात घेतली. थोडं पाणी शिंपडलं, मूठ दाबली, उघडली. सुंदर गोळा! बोटानं टिचकी मारली, गोळा हलकेच मोकळा झाला. आयुष्यभर ज्या मातीतल्या दाण्याला त्यांनी 'ओला, रिजेक्ट' म्हटलं, ती माती पाणी धरून कशी बसते हे त्यांना माहीत नसेल तर कुणाला? त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मोजलं असतं तर शंभर टक्के भरलं असतं. बुरशीचा मॉस बाहेर, कुरूप साहेबांचा भुसा खाली, सोलापूरची माती वर. संध्याकाळी मीटर सहासष्टवर गेलं. लगोलग बाजारातून साधी माती आणून आईचा डबा भरून ठेवायचा, असा त्यांचा प्रामाणिक इरादा होता. पण त्या संध्याकाळी ऑफिसातून एक फाईल आली आणि इरादा मागे पडला. सरकारात असं होतं.

सकाळी घटस्थापना. स्वयंपाकघरातून रिकाम्या डब्याचा आवाज आला.

"विनू, माझी माती कुठाय?"

विनायकरावांची नजर पेटीकडे गेली. प्रमोदिनीबाईंनी त्या नजरेचा माग काढला, पेटीपाशी गेल्या, काचेचं दार उघडलं, वाकून माती चिमटीत घेतली आणि हुंगली.

"हीच आहे."

"आई, मी दुसरी आणतो. आत्ता आणतो."

"मुहूर्त टळेल. आणि एकदा पसरलेली माती गोळा करायची नसते." त्यांनी पेटी वरपासून खालपर्यंत पाहिली. "उभी आहे, काच आहे, दार आहे, सावली आहे. देव्हारा असाच असतो. इथेच बसवते."

"इथे? यात?"

"का? काय आहे यात?"

विनायकरावांनी वैजयंतीबाईंकडे पाहिलं. वैजयंतीबाई छताकडे बघत होत्या. पालींच्या पानाकडे बघायचं नाही असा दोघांचा निश्चय होता आणि त्यामुळे दोघांनाही दुसरं काही दिसत नव्हतं.

"काही नाही," विनायकराव म्हणाले. "बाग आहे."

प्रमोदिनीबाईंनी मातीत सात धान्यं पेरली, मधोमध तांब्याचा कलश ठेवला, त्यावर विड्याची पानं आणि नारळ. अखंड दिवा मात्र विनायकरावांनी हट्टानं खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावला. उष्णतेचं कारण दिलं, ते खरंही होतं. आणि मग आईनं नियम सांगितला, जो विनायकरावांना लहानपणापासून ठाऊक असून त्या क्षणी आठवला नव्हता.

"आता दसऱ्यापर्यंत घट हलवायचा नाही. पेटीला कुणी हात लावायचा नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी मी शिंपडीन, माळ मी घालीन."

आणि गंमत अशी की त्यानंतर सगळं बरोबर होऊ लागलं. आई दोन्ही वेळा ओंजळीनं मोजकं पाणी शिंपडत, ना कमी ना जास्त. गहू-जवाच्या अंकुरांनी हवा धरली. तिसऱ्या माळेला मीटर बहात्तरवर पोचलं. विनायकराव रात्री हळूच पेटीत केळ्याचा लगदा ठेवत. पाली जाड झाल्या. असं संतुलन त्यांना एकाही गोदामात कधी साधलं नव्हतं.

*

आणि अशा सुखाच्या काळात दारात देखभाल खात्याचे ज्युनिअर इंजिनिअर अशोक कुमार उभे राहिले. मागे दोन मजूर, मजुरांच्या हातात छिन्नी आणि हातोडे.

"निमकर साहब, आपकी सीलन की कम्प्लेंट. आज ठीक कर देंगे. दीवार तोडेंगे, वॉटरप्रूफिंग करेंगे."

चार वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य ऐकून विनायकराव दारातच हात पसरून उभे राहिले.

"नहीं करना है."

"जी?"

"सीलन रहने दीजिए. अच्छी है."

अशोक कुमारांनी भिंतीवरच्या काश्मीरकडे पाहिलं. "साहब, चार साल में आपने ग्यारह कम्प्लेंट दी है. एक में तो आपने लिखा है कि दीवार मेरी मानसिक शांति के लिए खतरा है."

"मैं वो वापस लेता हूँ."

"वापस नहीं होती सर. वर्क ऑर्डर निकल गया, ठेकेदार का माल आ गया. आप लिखकर दीजिए कि सीलन संतोषजनक है, और उसकी आवश्यकता का कारण. फिर वो ऊपर जाएगा, ऊपर से नीचे आएगा." मजुरांकडे वळून, "चलो, ये अलमारी हटाओ."

"हात लावू नका!"

ही हाक विनायकरावांची नव्हती. पूजेच्या खोलीतून प्रमोदिनीबाई हातात झेंडूची माळ घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या पेटीपुढे येऊन उभ्या राहिल्या, दार उघडलं, आणि थबकल्या.

हातोड्यांच्या आवाजानं मोमो भरदिवसा जागी झाली होती. पानामागून निघून ती कलशावर चढली होती आणि बरोबर नारळाच्या शेंडीवर बसली होती. सोनेरी अंग, पाठीवर काट्यांचा मुकुट, डोळ्यांवर झालर. तिनं सगळ्या मंडळींकडे एकदा पाहिलं. मग, या जातीला पापण्या मिटता येत नाहीत म्हणून त्या जिभेनं डोळे पुसतात तशी, लांब जीभ काढून उजवा डोळा पुसला.

विनायकरावांनी आईला धरायला दोन्ही हात पुढे केले. आई पडणार, किंकाळी फुटणार, मोमो शेपूट टाकणार, आणि मैत्रेयी रोज गुरुग्रामला जाणार, हे सगळं त्यांना एका ओळीत दिसलं.

प्रमोदिनीबाईंचा चेहरा पांढरा झाला, मग लाल झाला. त्यांनी माळेसकट हात जोडले.

"आई आली!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. मग हिंदीत, खास अशोक कुमारांसाठी, "देवी आई है! देखो, मुकुट है! रडती है, आँख पोंछती है! हातोडा देखके रडती है!"

अशोक कुमारांनी बूट काढले. मजुरांनी हातोडे पाठीमागे लपवले. खिशातून पेन काढून अशोक कुमारांनी वर्क ऑर्डरवर शेरा मारला, 'धार्मिक कारणों से कार्य स्थगित', आणि जाताना पेटीपुढे दहाची नोट ठेवून गेले. चार वर्षांत देखभाल खात्याकडून निमकरांना मिळालेली ती पहिली वस्तू.

*

त्यानंतर जे सुरू झालं ते आवरणं विनायकरावांच्या पगारश्रेणीतल्या माणसाचं काम नव्हतं. संध्याकाळपर्यंत जिना भरला. भादुरीबाई शंख घेऊन आल्या, त्यांना हातापाया पडून थांबवलं. कुरूप साहेबांच्या पत्नी नारळ घेऊन आल्या. राठोडीणबाईंनी चुनरी आणली, आणि शेजाऱ्यांना दबक्या आवाजात सांगितलं की वाळू आमचीच होती. उदबत्तीचा पहिला पुडा दिसला तेव्हा विनायकराव दारात आडवे झाले.

"धूर नाही! धुआँ नहीं! देवी को... देवी को प्रदूषण से एलर्जी है."

दिल्लीत हे वाक्य कुणालाही लगेच पटतं. बायकांनी माना डोलावल्या. "हाँ बहनजी, देवी को भी हो गई."

ऑफिसात डायरेक्टरांनी बोलावून घेतलं. विनायकरावांना वाटलं आता मेमो. डायरेक्टर हळूच म्हणाले, "मिसेस को लाना था. व्हीआयपी दर्शन है क्या?" सूखा साहबांचं नाव दोन दिवसांत पुजारीजी झालं. शाळेपासून स्वतःला शास्त्रीय वृत्तीचा म्हणवणाऱ्या माणसाला रोज संध्याकाळी केळ्याचा प्रसाद वाटताना काय वाटत असेल, याचं मीटर अजून निघालेलं नाही.

"अहो, सांगून टाका ना आईंना," वैजयंतीबाई रात्री म्हणत.

"काय सांगू? देवी नाही, पाल आहे? तुझ्या घटात बसलीये?"

मैत्रेयीचा व्हिडिओ कॉल यायचा. "बाबा, मोमोला दाखव ना." विनायकराव फोन अशा कोनात धरत की पेटीतलं फक्त एक पान दिसे. मागून टाळ्यांवर आरती ऐकू यायची. "टीव्ही आहे," ते म्हणत.

आणि आठव्या माळेला मोमोचा रंग उडाला. सोनेरी अंग राखेसारखं पडलं. भादुरीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "माँ नाराज़ हो गई!" विनायकरावांना मात्र कळलं, कात आलीय. चटणी तर दोन दिवस दिसलीच नव्हती. अंकुर एव्हाना वीतभर उंच, दाट, पिवळसर हिरवे झाले होते आणि त्या रानात पाल शोधायची तर घट हलवावा लागणार होता. ते रात्रभर मीटरसमोर खुर्ची टाकून बसले. सकाळी मोमो पुन्हा सोनेरी, लखलखीत. पण कात? काचेला नाक लावून पाहिलं, पेटीत कुठेही कात नव्हती. एक कपचासुद्धा नाही. म्हणजे अंगालाच कुठेतरी चिकटलेली असणार. कुठल्या बोटाला?

*

दसऱ्याला दुपारी मैत्रेयी आली. मागोमाग चिराग, हातात काजूकतली, आणि दुसऱ्या हातात दोन रिकामे, झाकणाला भोकं पाडलेले डबे. विनायकरावांनी डबे मोजले. दोन. पालीही दोन.

"बाबा... हे काय आहे?" मैत्रेयी पेटीपुढे उभी होती. कलश, नारळ, नऊ माळा, चुनरी आणि काचेला टेकलेलं हिरवं रान.

"सबस्ट्रेट," विनायकराव क्षीण आवाजात म्हणाले.

"थांबा रे," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आधी घट उठू दे, मग बोला." त्यांनी कलश हलवला, मुठीनं धानाचे अंकुर उपटले आणि रिवाजाप्रमाणे एकेकाच्या डोक्यावर ठेवू लागल्या. विनायकरावांच्या टोपीत एक तुरा, वैजयंतीबाईंच्या अंबाड्यात एक, मैत्रेयीच्या कानामागे एक. सगळ्यात मोठी जुडी, पाहुणा म्हणून, चिरागच्या दाट केसांत खोचली.

जुडी हलली.

जुडीतून आधी एक पाय आला, मग चटणीचा चेहरा आला, आणि मग सगळी चटणी चिरागच्या कपाळावर उतरून दोन भुवयांच्या मध्ये बसली. एक धक्का, एक ओरडा, की शेपूट गेली. चिराग हलला नाही. पापणीही नाही. फक्त ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "अंकल, प्लीज़. नीचे से हाथ."

विनायकरावांनी दोन्ही तळवे पुढे केले. सव्वीस वर्षं गव्हाचे नमुने धरलेले ते हात. चटणीनं तळव्यावर उडी मारली आणि शांतपणे डावा डोळा पुसला.

चिरागनं मोबाईलचा दिवा लावला. एकेक बोट तपासलं. चटणीची सगळी. मग मोमोची सगळी. "क्लीन," तो म्हणाला. पुन्हा बघून, "एकदम क्लीन. टेल भी ठीक."

"पण कात मिळाली नाही," विनायकरावांच्या तोंडून निघून गेलं. "मी सगळीकडे शोधली."

"बाबा, ते खातात कात! टाकली की लगेच खातात." मैत्रेयी हसायला लागली आणि मग एकदम आजीकडे पाहून गप्प झाली. "आजी, तुला एक सांगायचंय. या देवी नाहीत. या माझ्या... पाली आहेत."

"मला काय सांगतेस?" प्रमोदिनीबाई चुनरीची घडी घालत म्हणाल्या. "सोलापुरात हयात गेली, पाल ओळखत नाही होय मी? पहिल्या दिवशीच शेपूट दिसली पानाच्या खाली. दोन दिवस पदर दातात धरून पाणी शिंपडलं."

"मग देवी कशाला म्हणालीस?" विनायकराव जवळजवळ ओरडले.

"हातोडा घेऊन आला होता तो. पाल आहे म्हटलं असतं तर थांबला असता का? घट हलला असता माझा." त्यांनी घडी कपाटात ठेवली. "आणि तूही विनू, जन्मात पहिल्यांदा काहीतरी जगवायला बघत होतास. म्हटलं, जगू दे."

वैजयंतीबाईंनी श्रीखंड-पुरीची ताटं घेतली. विनायकराव जिंकले होते. मैत्रेयीनं सरळ सांगितलं, "बाबा, डन. दोघंही इथेच राहतील." विनायकरावांनी पुरीचा तुकडा अशा थाटात मोडला की गोदामात पोतं फोडावं.

चिराग मात्र खात नव्हता. केसांतला तुरा तसाच होता. "अंकल," तो हळूच म्हणाला, "सच बोलूँ? मेरे चारों के पैर में पुरानी स्किन चिपकी हुई है. ॲप सत्तर दिखाता है, पर सेन्सर भाप वाली मशीन के मुँह पर लगा है. नीचे सब सूखा. ये डब्बे मैं मोमो के लिए नहीं लाया. आपकी मिट्टी ले जाने के लिए लाया था. मैत्रेयी ने कहा था आप कुछ ट्राय कर रहे हो."

विनायकराव ताठ बसले. त्यांनी बोटं पुसली. "माती नेऊन काय होणार? सिर्फ मिट्टी से नहीं होता. नीचे भुसा, ऊपर काली मिट्टी, उसमें अनाज, सुबह-शाम पानी, साइड में सीलन वाली दीवार. हाथ का अंदाज़ चाहिए. वो ॲप में नहीं आता."

"सिखाएँगे, अंकल?"

आणि मग विनायकरावांनी, ज्यांनी तीन आठवडे झोप मोडून, मान घालवून, पुजारीपण पत्करून फक्त एकाच गोष्टीसाठी लढा दिला होता की हा मुलगा आणि आपली मुलगी रोज एका ठिकाणी नसावीत, त्यांनी छाती पुढे काढून स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "अपने चारों यहाँ ले आओ. और रोज़ आना पडेगा. सुबह सात बजे. रीडिंग लेने. देर नहीं चलेगी."

"पक्का, अंकल," चिराग म्हणाला आणि श्रीखंडावर तुटून पडला.

मैत्रेयी ताटात बघत राहिली. वैजयंतीबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या, आणि तिथून भांडी पडल्याचा आवाज आला तो हसण्याचाच असावा. प्रमोदिनीबाईंनी चिरागच्या वाटीत आणखी एक डाव श्रीखंड वाढलं.

"कपाळावर पाल बसली आणि पोरगं हललं नाही," त्या म्हणाल्या. "विनू, तुला समजतंय ना, तू आत्ता काय केलंस?"

विनायकरावांना ते त्याच क्षणी समजत होतं. त्यांनी मीटरकडे पाहिलं. एकाहत्तर. भिंतीवर, काल कोरी होती त्या जागी, आसाम उमटू लागला होता.